वाकणारी पट्टी : ग्रिड फ्रेमवर्कचा इतिहास आणि निवडीचा प्रश्न



आजच्या विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल की आयोजकांनी वक्ता चुकीचा बोलावला आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं संकेतस्थळाच्या मांडणीवर काय बोलायचं? (हशा) शंका रास्त आहे. पण हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो, तो माझ्या दारात आला. कसा आला ते आधी सांगतो.

मी आमच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. २००९ साली वाचनालयानं आपलं संकेतस्थळ करून घेतलं. तेव्हा ते छान दिसायचं. डावीकडे विषयांची सूची, मध्ये नव्या पुस्तकांची यादी, उजवीकडे सूचना, सगळं कसं आखीव-रेखीव. गेल्या वर्षी मात्र सभासदांच्या तक्रारी वाढल्या. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, आणि मोठी करावीत तर प्रत्येक ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. आमचे बरेचसे सभासद साठीच्या पुढचे. एक बाई मला म्हणाल्या, "सर, पुस्तक आलंय का हे बघायला मला नातू घरी येण्याची वाट बघावी लागते."

मग संकेतस्थळ नव्यानं करायचं ठरलं. अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी, आमचीच सभासद, विनामूल्य काम करायला तयार झाली. पहिल्याच बैठकीत तिनं विचारलं, "सर, बूटस्ट्रॅप घेऊ, की ब्राउझरमधलं साधं सीएसएस ग्रिडच वापरू?" मी विचारलं, "तुझा कल कुठे आहे?" ती म्हणाली, "बूटस्ट्रॅप. सगळे तेच वापरतात."

आता, 'सगळे वापरतात' हे कारण तर्कशास्त्राच्या वर्गात टिकत नाही. पण ते अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. सगळे का वापरतात, कधीपासून वापरतात, त्यांना तेव्हा काय नडलं होतं, हे कळलं तर त्या कारणाची किंमत करता येते. म्हणून मी वाचायला लागलो. आज जे सांगणार आहे ते त्या वाचनातून आलेलं आहे.

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. वेबपानात एचटीएमएल सांगतं की मजकूर काय आहे: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. सीएसएस सांगतं की तो कसा दिसावा. आणि फ्रेमवर्क म्हणजे कुणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेला सीएसएसचा तयार गठ्ठा. ग्रिड फ्रेमवर्क म्हणजे पानाचे रकाने कसे पाडायचे याचा तयार गठ्ठा.

आता ग्रिड. आपल्या घरात ग्रिड असतेच. ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके मोजून मांडायचे, मग रेषा जोडायच्या. ठिपके चुकले की रांगोळी चुकली. छापखान्यातही हेच चालतं. वर्तमानपत्राचे रकाने ठरलेले, दोन रकान्यांमधली मोकळी जागा ठरलेली. त्या मोकळ्या जागेला छपाईच्या भाषेत 'गटर' म्हणतात. (हशा) हो, नाव तेच.

विसाव्या शतकात स्विस आरेखनकारांनी या रकान्यांचं रीतसर शास्त्र केलं. योझेफ म्युलर-ब्रॉकमन यांचं ग्रिडवरचं प्रसिद्ध पुस्तक १९८१ चं. पण मला जास्त भावलं ते कार्ल गेर्स्टनर यांचं काम. १९६२ मध्ये त्यांनी 'कापिटाल' या जर्मन नियतकालिकासाठी ग्रिड आखली. छापील भागाची रुंदी ५८ एककं. दोन रकान्यांमधली जागा दोन एककं. आता ५८ हा आकडा विचित्र वाटतो ना? पण त्यात एका गटरची दोन एककं मिळवा, होतात ६०. आणि ६० ला २, ३, ४, ५, ६ या सगळ्यांनी भाग जातो. म्हणून त्याच पानावर २८ एककांचे दोन रकाने बसतात, १८ चे तीन, १३ चे चार, १० चे पाच आणि ८ चे सहा. घरी कागदावर करून बघा, बेरीज दर वेळी ५८ येते. एकाच आखणीत पाच वेगळ्या मांडण्या.

मात्र या सगळ्या हुशारीखाली एक गृहीतक आहे, आणि ते इतकं उघड आहे की कुणी उच्चारतही नाही. कागदाचा आकार आधी ठाऊक असतो. मालकानं ठरवला, कापला, आणला. आखणी त्यानंतर.

वेबवर हे गृहीतकच नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९९१ साली जे पहिलं संकेतस्थळ उभं केलं, त्यात मजकुराला ठरलेली रुंदीच नव्हती. खिडकी रुंद असेल तर ओळ लांब, अरुंद असेल तर ओळ लवकर मोडायची. म्हणजे आज ज्याला आपण 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतो, तो गुण पहिल्या दिवसापासून होता. नंतर आपणच तो घालवला आणि मग पुन्हा शोधून काढला. ही गोष्ट कशी घडली ते बघू.

१९९४ च्या ऑक्टोबरात, सर्नमध्येच, होकोन विउम ली यांनी सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. त्यातली एक कल्पना फार सुंदर होती. पान कसं दिसावं यात लेखकाचं मत किती टक्के आणि वाचकाचं किती टक्के, हे सांगण्याची सोय त्यात होती. टक्केवारी पुढे गळली, पण पान हे लेखक आणि वाचक या दोघांचं मिळून असतं, हा विचार मुळातला आहे. पुढे बर्ट बॉस त्यांच्याबरोबर आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. त्यात रंग होते, अक्षरं होती, समास होते. नव्हतं ते एवढंच: अख्ख्या पानाचे रकाने पाडण्याचं साधन.

आणि लोकांना तर वर्तमानपत्रासारखं पान हवं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. लोकांनी एचटीएमएलमधला तक्ता धरला. तक्ता असतो आकडेवारीसाठी, यांनी त्याच्या रेघा लपवल्या आणि घरांमध्ये मजकूर भरला. घर आकसू नये म्हणून आत एक पिक्सेलचं अदृश्य चित्र ताणून बसवायचं. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकानं ही युक्ती घरोघरी पोहोचवली. पानं देखणी झाली. पण जो अंध वाचक स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून होता, त्याला पुस्तकाच्या पानाऐवजी तक्त्याची घरं ऐकू यायला लागली.

मग तक्ते सोडा, सीएसएसनं मांडा, अशी चळवळ झाली. पण सीएसएसकडे साधन कोणतं? 'फ्लोट'. ते मुळात होतं चित्र एका बाजूला ठेवून मजकूर त्याच्या कडेनं वाहू देण्यासाठी. तेच रकान्यांना जुंपलं. हिशेबात एक पिक्सेल जास्त झाला की शेवटचा रकाना खाली घसरायचा. इंटरनेट एक्सप्लोरर ६ काही परिस्थितीत समास दुप्पटच करायचा. एक साधं तीन रकान्यांचं पान सगळ्या ब्राउझरांत सारखं दिसावं म्हणून माणसं रात्री जागवत.

फ्रेमवर्क जन्माला आलं ते या रात्रींतून. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. २००७ मध्ये 'ब्लूप्रिंट' आलं: २४ रकाने, प्रत्येक ३० पिक्सेलचा, मध्ये १० पिक्सेलची जागा, एकूण ९५०. २००८ मध्ये नेथन स्मिथ यांची '९६० ग्रिड सिस्टिम' आली. त्या काळी १०२४ पिक्सेल रुंदीचे पडदे सर्रास होते. ब्राउझरची कड आणि सरकपट्टी वजा केली तर ९६० सुखानं बसायचे. आणि ९६० ला भाग किती आकड्यांनी जातो? अठ्ठावीस! १२ रकाने घ्या, प्रत्येकी ८०. १६ घ्या, प्रत्येकी ६०. गेर्स्टनर यांचंच गणित, फक्त कागदाऐवजी काच. बारा हा आकडाही त्यामुळेच रुजला. त्याचे अर्धे, तिसरे, चौथे, सहावे हिस्से पूर्णांकात होतात. एक डझन केळी वाटणाऱ्या आजीला हे आधीपासून माहीत होतं. (हशा)

मी त्या मुलीला म्हटलं, "आमचं जुनं पान किती रुंद आहे बघ बरं." तिनं बघितलं. ९६०.

म्हणजे ज्यानं २००९ मध्ये आमचं पान केलं, त्यानं काही चूक केली नव्हती. त्या वर्षीचं शहाणपण त्यानं वापरलं. फक्त त्या शहाणपणाच्या पोटात एक वाक्य दडलेलं होतं: वाचकाचा पडदा १०२४ चा आहे. हे वाक्य जून २००७ मध्येच डळमळायला लागलं होतं. त्या महिन्यात आयफोन बाजारात आला, त्याच्या पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल. जुनी पानं मोडू नयेत म्हणून त्याचा ब्राउझर असं धरून चालायचा की पान ९८० पिक्सेल रुंद आहे, आणि मग अख्खं पान आकसून ३२० मध्ये बसवायचा. आमच्या सभासदांची मुंगीएवढी अक्षरं म्हणजे हेच. २००९ चं गृहीतक आकसून त्यांच्या हातात पडत होतं.

इथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट सांगू द्या. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात एक प्रश्न उपस्थित करतो. कायदा सर्वांसाठी सारखा लिहिलेला असतो, पण प्रसंग तर प्रत्येक वेगळा. मग जिथे कायद्याचं अक्षर लागू केल्यानं अन्याय होतो तिथे काय करायचं? तो म्हणतो, तिथे नियमाला प्रसंगाप्रमाणे दुरुस्त करणारा एक गुण लागतो. मराठीत त्याला 'तारतम्य' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. उदाहरण देताना त्याला लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची पट्टी आठवते. ती शिशाची असायची. दगड जसा असेल तशी ती वाकायची आणि तरीही मापाचं काम करायची. पट्टी वाकली म्हणून माप सुटत नाही, हा त्यातला मर्म.

९६० ची पट्टी लोखंडाची होती. शिशाची पट्टी कुणी आणली? जॉन ऑलसॉप यांनी २००० सालीच एका लेखात बजावलं होतं की वेब म्हणजे कागद नव्हे. पान लवचीक असणं हा त्याचा दोष मानू नका. त्यासाठी त्यांनी ताओ विचाराचा आधार घेतला होता. लोकांनी लेख वाचला, वाखाणला आणि ठरलेल्या रुंदीची पानं करत राहिले. पुढे ईथन मार्कॉट यांनी २००९ मध्ये साधा भागाकार सुचवला. रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये सांगू नका. त्याला बाहेरच्या चौकटीनं भागा. ३०० भागिले ९६० म्हणजे ३१.२५ टक्के. पडदा बदलला तरी प्रमाण तेच राहील. मग मे २०१० च्या लेखात त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या: टक्केवारीची ग्रिड, आकसणारी चित्रं, आणि मीडिया क्वेरी, म्हणजे 'पडदा इतका अरुंद असेल तर हे नियम लावा' असं सांगण्याची सोय. या तिन्हींना त्यांनी नाव दिलं 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन'.

आणि बूटस्ट्रॅप? ट्विटरमधल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ते आधी कंपनीतल्या अंतर्गत कामांसाठी केलं. प्रत्येक गट आपापल्या परीनं पानं करत होता, त्यांना एक सामायिक साचा हवा होता. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी ते सर्वांसाठी खुलं केलं. गंमत म्हणजे पहिल्या आवृत्तीची ग्रिड ठरलेल्या रुंदीचीच होती, ९४० पिक्सेल. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती पडद्याप्रमाणे बदलायला लागली, आणि २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'आधी मोबाइल' हा क्रम आला. म्हणजे फ्रेमवर्कलाही शिसं व्हायला दोन वर्षं लागली.

बूटस्ट्रॅपनं काय दिलं हे मान्य करायलाच हवं. ज्याला आरेखन येत नाही असा माणूसही एका संध्याकाळी मोबाइलवर नीट दिसणारं पान करू लागला. बटणं, अर्ज, सूची सगळं तयार. शिवाय एक सामायिक भाषा मिळाली. पुण्यात लिहिलेलं पान टोरांटोतला माणूस उघडतो आणि 'कॉल-सहा' वाचून समजतो की हा अर्धा रकाना आहे. किंमतही होती. अर्धा रकाना ही दिसण्याची बाब. ती एचटीएमएलमध्ये, म्हणजे 'मजकूर काय आहे' या वहीत लिहिली जाऊ लागली. तक्त्यांच्या काळात जी सरमिसळ होती, तीच सभ्य कपड्यांत परत आली.

आता शेवटचा टप्पा. पानाचे रकाने पाडण्याचं जे साधन १९९६ मध्ये नव्हतं, ते अखेर आलं. सुरुवातीचा मसुदा मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांचा. २०१२ च्या इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये त्याचं पहिलं रूप होतं. मग त्याची बरीच फेरमांडणी झाली. इगालिया या संस्थेनं ब्लूमबर्गच्या पाठबळावर ब्राउझरांसाठी मोठं काम केलं. रेचल अँड्र्यू, जेन सिमन्स यांच्यासारख्यांनी गावोगाव ते शिकवलं. आणि मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांत सीएसएस ग्रिड आलं. एकवीस वर्षं!

त्यात काय करता येतं, ते आमच्याच उदाहरणानं सांगतो. त्या मुलीनं एक नियम लिहिला: प्रत्येक पुस्तकाच्या चौकोनाला किमान २६० पिक्सेल द्या, मध्ये २० ची जागा ठेवा, आणि बसतील तेवढे रकाने पाडा. बस्स. फोनवर एक रकाना होतो, ७६८ च्या टॅबलेटवर दोन, १२०० च्या पडद्यावर चार. 'फोन असेल तर', 'टॅबलेट असेल तर' असं काही लिहावंच लागलं नाही. बारा रकाने नाहीत, टक्केवारी नाही. पट्टी आपली आपण वाकते.

मग फ्रेमवर्क संपलं का? नाही, आणि इथेच मी सुरुवातीला चुकत होतो. इतिहास वाचून मला वाटलं होतं की गरज संपली, तर साधनही निवृत्त व्हावं. (मी झालो ना!) (हशा) पण ती मुलगी म्हणाली, "सर, मी दोन वर्षांत नोकरीला जाईन. मागाहून जो येईल त्याला बूटस्ट्रॅप येत असेल. माझं लिहिलेलं त्याला कळेल का?" मी गप्प झालो. फ्रेमवर्कनं दोन उणिवा भरल्या होत्या. एक ब्राउझरची उणीव. ती २०१७ मध्ये भरून निघाली. दुसरी माणसांची: एकाचं काम दुसऱ्याला कळावं. ती कुठलाही ब्राउझर भरून काढणार नाही.

म्हणून निवड करताना माझ्या मते प्रश्न असा विचारावा: हे साधन कोणती उणीव भरायला आलं, आणि ती उणीव आज माझ्याकडे आहे का? दहा-वीस माणसांचा गट असेल, अर्ज, तक्ते, बटणं यांनी भरलेलं काम असेल, तर बूटस्ट्रॅपसारखा सामायिक साचा आजही शहाणपणाचा आहे. नुसते रकानेच पाडायचे असतील, तर त्यासाठी अख्खा गठ्ठा वाचकाच्या फोनवर उतरवायचं कारण उरलेलं नाही. आमची पानं मोजून सहा. आम्ही साधं ग्रिड घेतलं, आणि दुसऱ्या उणिवेसाठी त्या मुलीनं वहीची तीन पानं मराठीत लिहून ठेवली: कोणता नियम कुठे आहे, का आहे, काय बदललं तर काय मोडेल. ती वही ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात आहे.

दोन अडचणी आल्या, त्याही सांगतो, कारण मराठी पान करणाऱ्या कुणालाही त्या येतील. 'आंतरग्रंथालयीन' हा शब्द एका अरुंद रकान्यात आला आणि रकाना फुगून पान पडद्याबाहेर गेलं. ग्रिडचा रकाना आपणहून सर्वांत लांब शब्दापेक्षा लहान होत नाही. त्याला 'किमान रुंदी शून्य धर' असं सांगावं लागतं आणि लांब शब्द मोडायची मुभा द्यावी लागते. दुसरी अडचण ओळींची. रोमन लिपीला पुरणारं ओळींमधलं अंतर देवनागरीला दाटीचं होतं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. अंतर वाढवलं तेव्हा पान वाचनीय झालं. कोणत्याही फ्रेमवर्कचे ठरीव आकडे बहुधा दुसऱ्या लिपीकडे बघून ठरलेले असतात. तारतम्य आपल्यालाच वापरावं लागतं.

आणि एका सभासदाकडे २०१७ च्या आधीचा जुना टॅबलेट निघाला. आम्ही घाबरत उघडून बघितलं. त्या ब्राउझरला ग्रिड कळतच नाही, म्हणून त्यानं तो नियम सोडून दिला आणि सगळी पुस्तकं एकाखाली एक दाखवली. १९९१ च्या पानासारखी. साधी, पण वाचता येणारी.

त्या बाई परवा भेटल्या. म्हणाल्या, "सर, आता नातवाची वाट बघावी लागत नाही. पण मला हवं ते पुस्तक गेले तीन महिने 'बाहेर' दाखवतंय, त्याचं काय?" (हशा) त्याला मात्र सीएसएसमध्ये उपाय नाही. ते पुस्तक कुणाकडे आहे याचा शोध कार्यकारिणी घेत आहे.